एनोक्कीचं झाड

टावेट्टीकाकांना मी आयुष्यात एकदाच मारलं. तबेल्यात घोड्याच्या साजाचा चामडी पट्टा हाताशी होता, तोच उचलला आणि तोंडावर ओढला. खालचा ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. मी तेव्हा चौतीस वर्षांची, ते त्रेसष्टचे. माझ्या लग्नात बापाच्या जागी हेच उभे होते. तरीही मारलं, आणि आज विचाराल तर पुन्हा मारेन. पण आधी माणूस सांगते, मग मार.

टावेट्टी रोइवास आमच्या होंकावारा गावचे गाडीवान. आमच्या शेजारचंच घर. घोडा एकच, नाव व्हिल्कू. तो म्हातारा होऊन मेला की नवा आणायचे आणि त्यालाही व्हिल्कूच म्हणायचे. "नवं नाव ठेवलं तर जिभेला पुन्हा शाळेत घालावं लागतं," असं त्यांचं म्हणणं. बटाटे, ओंडके, डॉक्टर, नवरी, सगळं त्यांच्याच गाडीतून जायचं. चाबूक होता, पण तो भिंतीवर टांगलेला. घोड्याला लावलेला मी कधी पाहिला नाही. सहाव्या वर्षी मला लगाम धरायला त्यांनीच शिकवलं. दर हिवाळ्याआधी आमच्या अंगणात बर्चच्या लाकडांची रास रचून द्यायचे, न सांगता. मला बाप आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर ह्या माणसामुळे मला त्याची फार उणीवही भासली नाही.

त्यांचं एकच खूळ होतं. उन्हाळ्यात आम्ही पोरं रानातल्या निळ्या बेरी खाऊन तोंडं जांभळी करून यायचो. ते त्यांना सहन व्हायचं नाही. मानेला धरून बाहीने असं खसाखसा पुसायचे की ओठ सोलवटायचे. एरवी एवढा गमत्या माणूस, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवायचं नाही. आई म्हणायची, "जाऊ दे गं, गाडीवानांचं डोकं घोड्यासारखंच, कशाला बुजेल सांगता येत नाही."

माझे वडील एनोक्की ह्युवारिनेन लाकडाच्या गिरणीत कामाला होते. १९१८ च्या हिवाळ्यात आपल्याच माणसांची आपल्याच माणसांशी लढाई पेटली, लाल म्हणजे कामगारांची फौज एकीकडे आणि पांढरे म्हणजे सरकारची दुसरीकडे. वडील लालांकडून गेले, कारण गिरणीतले सगळेच गेले. वसंतात लाल हरले आणि वडील शहराबाहेरच्या लष्करी बराकींत कोंडले गेले. जागा चारशे माणसांची, आत तीन हजार.

तिथून जिवंत सुटलेल्यांच्या तोंडून जे ऐकलं तेवढंच सांगते, पदरचं काही घालत नाही. खायला खारवलेली कुजकी मासळी आणि पाणी दिवसातून एकदा. जिभा सुजून टाळूला चिकटायच्या. एक पहारेकरी भरलेली बादली घेऊन यायचा आणि ह्यांच्या देखत वाळूत ओतायचा. माणसं ती ओली वाळू चोखायला वाकली की त्यांच्या मानेवर बूट आपटायचा. मे महिन्यात दोघे कुंपणाखालून पळाले, तर सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून दर दहावा बाहेर काढला. एकाचा भाऊ दहावा आला. हा पुढे होऊन म्हणाला, "साहेब, त्याला लहान मुलं आहेत, त्याच्याऐवजी मला घ्या." साहेब म्हणाला, "ऐवजी कशाला? आम्ही काय एवढे कंजूष आहोत?" दोघांनाही घेतलं. भिंतीशी नेऊन गोळ्या घातल्या, आणि जे लगेच मेले नाहीत त्यांना संगिनीने भोसकलं. जूनमध्ये हगवण आली. मग भिंतीची गरजच उरली नाही. रोजची पंधरा-वीस प्रेतं आपोआप पडू लागली.

माझी आई ईता राय धान्याच्या दोन भाकऱ्या घेऊन पायी त्या फाटकाशी गेली होती. पहारेकऱ्याने एक हिसकावून कुत्र्यापुढे टाकली. दुसरी आई सोडेना. त्याने बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर हाणला. समोरचे चार दात गेले. ते तिथेच थुंकून, भाकरी पोटाशी धरून ती परत आली. रक्त लागलेला भाग तिने सुरीने खरवडला आणि उरलेली मला भरवली. घरात दुसरं काही नव्हतं.

टावेट्टीकाका ना लाल ना पांढरे. घोडा होता, हाच त्यांचा गुन्हा. छावणीतली प्रेतं वाळूच्या खाणीतल्या खड्ड्यापर्यंत वाहून न्यायचा हुकूम त्यांच्यावर आला. नाही म्हणणाऱ्याला त्याच गाडीतून नेत होते, त्यामुळे ते नाही म्हणाले नाहीत.

आता आमच्याकडची एक रीत. मेलेल्याला चर्चकडे नेताना अर्ध्या वाटेत थांबतात. एक पाइन निवडायचा, खालच्या फांद्या तोडायच्या, साल तासून त्यावर नावाची अक्षरं, जन्माचं साल आणि मरणाची तारीख कोरायची. ह्या झाडाला कार्सिक्को म्हणतात. मेलेला उठून घराकडे निघालाच, तर वाटेत त्याला आपलं नाव दिसतं, आपण मेलोय हे कळतं आणि तो मुकाट माघारी फिरतो. शहाणी माणसं ह्याला हसतात. पण आमच्या भागात हसणाऱ्यांच्या घरच्यांचीही झाडं आहेत.

खड्ड्यातल्या लालांना ना पेटी, ना पाद्री, ना घंटा. निदान झाड तरी असावं, हे टावेट्टीकाकांच्या मनाने घेतलं. गाडी भरणारे कैदी हळूच नावं सांगायचे. खाणीच्या वाटेवर एक चढ आहे, तिथे घोड्याला दम खाऊ द्यावाच लागतो. तेवढ्या वेळात काका सुरीने अक्षरं कोरायचे, एकाच बुंध्यावर एकाखाली एक. बरोबरचा पहारेकरीही आमच्याच भागातला, त्याच्या आजीचंही असं झाड होतं. तो फक्त म्हणायचा, "आवर लवकर, माश्या येतात." सप्टेंबरपर्यंत त्या चढावरचे अकरा पाइन अक्षरांनी भरले. आणि बारावा, जरा बाजूला, त्याच्यावर एकच नाव: ए. ह्यु., १८८८, १४ जुलै १९१८. ते माझ्या वडिलांचं. काकांनी आईला येऊन सांगितलं, "ताप होता, झोपेतच गेला, ईता. काही कळलं नाही त्याला."

छावणीच्या दप्तरात मात्र वडिलांच्या नावापुढे वेगळंच लिहिलेलं निघालं: पळाला, १४ जुलै.

गावाला तेवढं पुरलं. एनोक्की रशियात पोचला, तिकडे दुसरी केली, तिच्यापासून दोन मुलगे आहेत, इथवर मजल गेली. दुकानातली आल्मा साखर बांधता बांधता दहा जणांत विचारायची, "ईता, रशियाहून पत्रबित्र काही?" शाळेत मला पोरं विचारायची, "साइमी, नवी आई तुला रशियन शिकवते का गं?" आई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "झाड आहे त्याचं! डोळे फुटले असतील तर हाताने चाचपून या!" असं ती दुकानाच्या दारातून ओरडायची. पण एकदा भांडी घासताना ती मला म्हणाली, "साइमी, माझ्या समाधानासाठी तर नसेल ना कोरलं टावेट्टीने ते?" मलाही तीच शंका होती.

गावाला आणखी एक खाज होती, आईचं आणि टावेट्टीकाकांचं लग्न. टावेट्टी बिनलग्नाचे, आमच्या अंगणात दिवसातून दोनदा. आई तयार होती, हे मी सांगते. एकदा तिने चांगला रुमाल डोक्याला बांधून त्यांना सरळ विचारलं, "टावेट्टी, लाकडं रचतोस ती आतही आणून टाकशील का कधी?" तर हा पठ्ठ्या म्हणाला, "चाकाचा आरा ढिला झालाय," आणि निघून गेला. आईने तो रुमाल परत कधी बांधला नाही.

१९४८ मध्ये खाणीजवळ मेलेल्यांचा दगड उभा करायचं ठरलं. कामगार सभागृहाच्या लोकांनी समिती केली, प्रमुख आमचा चांभार नेस्तोरी. छावणीच्या यादीत मेले म्हणून नोंदलेल्यांची नावं सरळ दगडावर जाणार होती. यादीत नसलेल्यासाठी साक्षीदाराने लिहून द्यायचं: मी पाहिलं, अमुक दिवशी, अमुक प्रकारे मेला. टावेट्टीकाकांनी एका बैठकीत एकोणीस जणांसाठी सह्या केल्या. विसावा कागद माझ्या वडिलांचा. तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "उद्या."

आठ आठवडे त्यांचा उद्या संपेना. आई रोज विचारायची. तिने ठरवून टाकलं होतं: दगडावर नाव आलं की आल्माला दंडाला धरून तिथे न्यायचं आणि मोठ्याने वाचायला लावायचं. त्यापुढे तिला आयुष्यात काही नको होतं. मग शुक्रवारी नेस्तोरी घरी आला.

"साइमी, पाथरवट सोमवारी अक्षरं पाडायला बसतो. कागद नाही तर नाव नाही."

"अहो, पण झाड आहे ना! तारखेसकट!"

"झाड सही करत नाही, बाई. आणि खरं सांगू? टावेट्टी सही करत नाही म्हटल्यावर लोक पुन्हा ते रशियाचं काढायला लागलेत."

मी हातातलं काम टाकलं आणि तडक तबेल्यात गेले. भर दुपार होती. काका ठोकळ्यावर बसून साज शिवत होते.

"काका, सही."

"उद्या करतो, साइमी."

"उद्या गेला खड्ड्यात! एक सांगा. ते झाड खोटं आहे ना? आईला फसवायला कोरलंत ना? माझा बाप पळाला."

"पळाला नाही."

"मग मेलेला पाहिलात?"

त्यांनी सुई पुन्हा साजात खुपसली.

"तोंडाला कुलूप घातलंय का? मेलेला पाहिलात की नाही?"

"मेलेला नाही पाहिला," ते म्हणाले. सुई साजात तशीच अडकवून त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "जिवंत पाहिला."

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, व्हिल्कूच्या पायांकडे बघत.

"सतरा जण होते त्या दिवशी. एनोक्की सगळ्यांत वर. हगवणीच्या बराकीतून ओढून आणलेला, डोळे मिटलेले. डॉक्टरने त्याला तपासलंच नव्हतं, म्हणून मेलेल्यांत नाव नाही; मोजणीत एक कमी भरला तेव्हा पळाला लिहून मोकळे झाले. गाडी भरणारे स्वतःच अर्धमेले, ते कुठली नाडी बघतात! मला ओळखू आला. म्हटलं, हा आपला शेजारी, ह्याला रांगेत नाही कोरायचं, ह्याला स्वतःचं झाड द्यायचं. पहारेकरी बेरी खायला रानात शिरला होता. मी फांद्या तोडल्या, साल तासली, अक्षरं नीट काढली. मुद्दाम सावकाश. तारीख चालली होती, आणि मागनं आवाज आला."

"कसला आवाज?"

"एनोक्कीचा. म्हणाला, 'टावेट्टी, माझं झाड कोरू नकोस. मला घरी जायचंय.'"



"आणि तुम्ही काय केलंत?"

"तोंडावर पोतं टाकलं."

आता हे आमच्याकडच्याच माणसाला कळेल. झाड कोरताना प्रेत बोलतं, असं म्हातारी माणसं सांगायची. नाव कोरू नका म्हणून गयावया करतं. उत्तर द्यायचं नाही, नाहीतर ते तुमच्या मागोमाग घरी येतं. तोंड झाकायचं आणि गाडी हाकायची. मलाही आजीने हे सांगितलं होतं, आणि लहानपणी मी ते खरंच मानत होते.

"मला प्रेत बोलतंय असंच वाटलं, साइमी. देवाशपथ. तिथून तुमचं घर अर्ध्या कोसावर, उजवा रस्ता. पहारेकरी दिसतही नव्हता. उजवीकडे वळवली असती तर घोड्याला चारा घालायच्या वेळेला तो तुमच्या चुलीपाशी असता. मी डावीकडे हाकली."

"मग?"

"खड्ड्यावर एकेकाला ओढून टाकत होतो. पहिला एनोक्कीच, वर होता ना. त्याने गाडीची फळी धरली. हात गरम होता. तेव्हा मला कळलं. प्रेत बोलेल एकवेळ, पण प्रेत असं धरत नाही. पहारेकऱ्यानेही पाहिलं. तोंड बेरींनी निळंशार झालेलं त्याचं. हसला. म्हणाला, 'हा बघ, ह्याला अजून उतरायचं नाही.' आणि दस्ता घातला बोटांवर. एकदा. दोनदा. बोटं मोडलेली मी ऐकली. पडला खाली. वर सोळा जण टाकले. मग चुना. चुना मी टाकला, फावड्याने. खालनं हलत होतं, साइमी. हलायचं थांबेपर्यंत टाकत होतो."

"तोंडातून एक शब्द काढला नाहीत?"

"काढला असता तर अठरावा मी होतो."

तेव्हा मी पट्टा उचलला.

त्यांनी हात वर केला नाही. रक्त गळू दिलं. म्हणाले, "अजून मार."

"कशाला? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून? सही करा. आत्ता जे बोललात ते सगळं लिहा."

त्यांनी खिशातला कागद काढला, फळीवर ठेवला आणि पेन्सिलीने लिहिलं. शाळा फारशी नव्हती झालेली, एकेक अक्षर झाडावर कोरल्यासारखं दाबून काढत होते. 'एनोक्की ह्युवारिनेन पळाला नाही. १४ जुलैला त्याला खड्ड्यात जिवंत पुरलं. गाडी माझी. चुना मी टाकला. टावेट्टी रोइवास.'

नाव दगडावर आलं. नेस्तोरीने कागद वाचून टोपी काढली आणि एकही शब्द न विचारता पाथरवटाकडे गेला. आल्माला दंडाला धरून न्यावं लागलं नाही. ती स्वतःच गेली, आणि परतल्यावर आठ दिवस दुकानाचं दार तिने अर्धंच उघडलं. काका त्यानंतर चार वर्षं जगले. गाडी विकली. हे सगळं पुढचं. त्या दुपारी मात्र मी कागद घेऊन घरी निघाले आणि काका माझ्या मागे पन्नास पावलांवर चालत आले. अंगणात लाकडांच्या राशीशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी त्यांना या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

आई बटाटे सोलत होती. तिला तेव्हा जवळचं दिसत नव्हतं. "केली सही?" तिने विचारलं.

"केली."

"वाच."

मी पहिलं वाक्य वाचलं. पळाला नाही. तिथेच थांबावं असं वाटलं. साठीला टेकलेल्या बाईला उरलेलं कशाला हवं? ताप, झोप, हे तिच्याजवळ तीस वर्षं होतं, राहू द्यावं.

"एवढंच?" आई म्हणाली. "एवढं लिहायला त्याला आठ आठवडे लागले? मला दात नाहीत, अक्कल आहे. पुढे वाच."

मी वाचलं. तिच्या हातातला बटाटा परातीत पडला. सुरी तिने हातातच ठेवली. मग तिने विचारलं, "शुद्धीवर होता?"

"होता."

"काही बोलला?"

मी वाक्य सांगितलं.

"घरी?" आई म्हणाली. "घरी म्हणाला? रशिया नाही, जंगल नाही, घरी? हाच शब्द?"

"हाच, आई."

ती उठली. सुरी हातात घेऊनच अंगणात गेली आणि मी धावत मागे गेले, कारण मला खरोखर भीती वाटली. टावेट्टीकाकांनाही वाटली असावी, पण ते जागचे हलले नाहीत. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांचा ओठ सुजला होता.

"पुरलंस ते भिऊन पुरलंस," ती म्हणाली. "मीही त्या फाटकावर भ्यायले होते. दात गोळा न करता पळून आले. ते मला कळतं, टावेट्टी. त्याचं काय ते देवाशी बघ."

"ईता..."

"थांब. तीस वर्षं गाव माझ्या तोंडावर थुंकलं. मी स्वतः त्याला शिव्या घातल्या, कितीदा! मेला, बसला असेल तिकडे दुसरीच्या उबेला, असं म्हणत मी ह्या पोरीला वाढवली. आणि तो घरी येतो म्हणाला होता. हे तुला ठाऊक होतं. रोज दोनदा ह्या अंगणात यायचास, ठाऊक होतं. लाकडं आणलीस, साखर आणलीस, पोरीला घोडा शिकवलास. हे एवढं एक वाक्य नाही आणलंस. ते माझं होतं रे. तो मला म्हणाला होता, तुला नव्हे."

काकांचं तोंड उघडलं आणि ओठ पुन्हा फाटला.

"जा," आई म्हणाली. "परत ह्या फाटकातून आत येऊ नकोस."

ते गेले. मला ते आवडायचे, अजून आवडतात, ही माझी पंचाईत आहे. पण त्यांना थांबवायला माझा पाय उचलला नाही. आई आत येऊन बाकावर बसली आणि सुरी बाजूला ठेवली.

"साइमी, काय म्हणाला तो? पुन्हा सांग."

मी सांगितलं.

"पहिल्यापासून सांग. टावेट्टीचं नाव गाळ, नुसतं त्याचं सांग."

"मला घरी जायचंय," मी म्हणाले.

आईने दात नसलेल्या तोंडावर हात ठेवला आणि मान हलवली. मग म्हणाली, "पुन्हा."